सात नोव्हेंबर की अकरा जुलै

आमच्या शाळेत घंटा वाजवणाऱ्या काकीला चार महिने आधी घरी बसवलं गेलं, आणि त्यात माझा हात होता. हे मला कळलं ते आईच्या तोंडून, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. संध्याकाळी कुडाळहून वालावलला घरी आले होते आणि ओला रेनकोट खुंटीला लावत होते. आई पडवीत तांदूळ निवडत बसली होती.

“शाळेतल्या काकीक रिटायर केल्यानी, तुका समाजला?”

“कधी?”

“जुलैच्या शेवटाक. कार्यक्रम झालो. शाल दिल्यानी, नारळ दिल्यानी. तिना शाल घडी करून टेबलार ठेवल्यान आणि घराक गेली.”

मला ते पटेना. काकीचा वाढदिवस दिवाळीच्या सुमारास येतो हे आमच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही सांगता आलं असतं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी ती डब्यातून खटखटे लाडू आणायची. “सुट्टीत माझो वाढदिस येता, म्हणान आजच खावा,” असं म्हणत पहिलीपासून सातवीपर्यंतच्या प्रत्येक वर्गात फिरायची. ज्या महिन्यात वय भरतं त्या महिन्याच्या अखेरीस निवृत्ती, असा नियम. मग तिला नोव्हेंबरअखेर सोडायला हवं होतं. जुलैत कसं सोडलं?

“तेंच्या संगणकात जुलै आसा म्हणतत,” आई म्हणाली. “संस्थेचो क्लार्क म्हणता, कंप्युटर खोटा बोलणा नाय.”

ज्या संस्थेची ती शाळा आहे, त्या संस्थेचा कंप्युटर काय बोलतो आणि काय नाही, हे मला ठाऊक होतं. त्यातला तारखा वाचायचा भाग मी लिहिला होता.

आमचं ऑफिस कुडाळात औषधांच्या एका दुकानाच्या वर आहे. आम्ही पाच जणं. पतपेढ्या, शाळा, दवाखाने यांच्यासाठी सॉफ्टवेअर बनवतो. दोन वर्षांपूर्वी या शिक्षणसंस्थेचं काम मिळालं होतं. संस्थेच्या शाळा गावोगाव, आणि प्रत्येक शाळेतल्या क्लार्कने आपापल्या पद्धतीने कर्मचाऱ्यांची माहिती एक्सेलमध्ये भरून पाठवली होती. जन्मतारखा कुणी ७/११ अशा लिहिलेल्या, कुणी ०७-११, कुणी मधे टिंबं दिलेली, कुणी आकडे मराठीत तर कुणी इंग्रजीत. हे सगळं वाचून एका साच्यात साठवायचं आणि पडद्यावर पुन्हा नीट दिवस, महिना, वर्ष असं दाखवायचं, एवढं माझं काम.

असं काम करताना सोबत युनिट टेस्ट लिहायच्या असतात. म्हणजे फार काही नाही. आपण लिहिलेल्या कोडच्या एका तुकड्याला मुद्दाम प्रश्न विचारायचे आणि उत्तर आपल्याला अपेक्षित तेच येतंय का ते कंप्युटरलाच तपासायला लावायचं. चूक निघाली की लाल, बरोबर असेल तर हिरवं. घरात नवी विळी आणली की आई आधी एक काकडी चिरून बघते, तितकी साधी गोष्ट.

मी आमच्या सरांकडे, म्हणजे मालकांकडे, या टेस्टसाठी तीन दिवस मागितले होते. मला ते बोलणं शब्दन् शब्द आठवतं, कारण तेव्हाही माझा संताप झाला होता.

“टेस्ट लिवन काय होतला?” सर म्हणाले. “गिरायकाक टेस्ट दिसता काय?”

“सर, तारखा फार फसव्या असतात.”

“तारीख ती तारीख. तेच्यात फसवा काय आसा? अर्धो दिस घे आणि मोकळी हो.”

मी अर्धा दिवस घेतला. तो अर्धा दिवस मी कसा घालवला, ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी काकीच्या घरी गेले. ती मागीलदारी भांडी घासत होती. मला बघून हात धुऊन आली. मी शाळेत असताना जशी होती तशीच, किडकिडीत, फक्त केस पांढरे. मी विषय काढल्यावर तिने आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि तिच्यातले तीन कागद माझ्यासमोर पाटावर मांडले.

पहिलं, जुलैच्या सुरुवातीलाच आलेलं निवृत्तीचं पत्र. दुसरा, तिचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर जन्मतारीख आकड्यांत ०७/११ आणि खाली अक्षरी, शाईच्या जाड टाकाने लिहिलेली: सात नोव्हेंबर. कुठल्या तरी जुन्या हेडमास्तरांनी काळजीपूर्वक काढलेलं ते अक्षर होतं. त्या काळी लोक आकड्यांवर विसंबायचे नाहीत.

तिसरा कागद संस्थेच्या कार्यालयाचा. काकीने अर्ज केला होता, त्याचं उत्तर. त्यात लिहिलं होतं की सदर कर्मचाऱ्याने सांगितलेली जन्मतारीख अभिलेखाशी विसंगत असून, सेवा वाढवून घेण्याच्या हेतूने केलेला अर्ज ग्राह्य धरता येत नाही.

काकीने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्या काय लिवलानी? हेतूने म्हणजे काय?”

मी पत्र उचलून ती ओळ पुन्हा वाचली.

“माका कळता गो. सातवी शिकलंय मी. मी खोटा बोलतंय असा म्हणतत ते. मी त्या क्लार्काक तीनदा सांगलंय. दाखलो दाखवलंय. तो म्हणता, दाखलो जुनो, संगणकातली नोंद शेवटची.” तिचा आवाज चढला नव्हता. “चार महिने गेले तर गेले. पण एवढी वर्सां मी घंटा मारलंय, एक दिस पाच मिनिटां इकडे तिकडे करूक नाय. आणि माझ्या जन्माचा माका खोटा ठरवतत?”

मी पडद्यावर काय दिसतंय ते विचारलं. तिने क्लार्कने लिहून दिलेली चिठ्ठी दाखवली: ११/०७. म्हणजे अकरा जुलै.

दाखल्यावर सात-अकरा, पडद्यावर अकरा-सात. आकडे तेच, फक्त जागा बदललेल्या. चौथीतल्या पोराच्याही लक्षात आलं असतं की इथे काहीतरी उलटंपालटं झालंय. पण ज्याच्या हातात दोन्ही कागद होते त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याने बाईकडे बघितलं आणि ठरवलं की शिपाई आहे, खोटं बोलत असणार.

मी काकीला तेव्हाच सांगायला हवं होतं की ते कोड माझं आहे. नाही सांगितलं. आधी खात्री करते, असं स्वतःला बजावलं. आता वाटतं, ती खात्री नव्हती, भीती होती.

ऑफिसात जाऊन मी तारखा वाचणारं ते फंक्शन, म्हणजे कोडचा तो तुकडा, उघडलं. तारीख वाचण्यासाठी मी एक तयार लायब्ररी वापरली होती, म्हणजे दुसऱ्या कुणी तरी लिहून ठेवलेलं कोड. ती लायब्ररी अमेरिकन पद्धतीची. पहिला आकडा महिना आहे असं ती धरून चालते. पहिला आकडा बारापेक्षा मोठा निघाला तर तो महिना असू शकत नाही, म्हणून ती गुपचूप दोन्ही आकड्यांची अदलाबदल करते आणि दिवस आधी आहे असं मानते. एका शब्दाची तक्रार करत नाही. पंचवीस-अकरा दिलं तर पंचवीस नोव्हेंबर, अगदी बरोबर. सात-अकरा दिलं तर अकरा जुलै. तेवढ्याच आत्मविश्वासाने.

मग मी माझ्या टेस्ट उघडल्या. तीन होत्या. पंधरा ऑगस्ट. सव्वीस जानेवारी. पंचवीस डिसेंबर.

घाईत माणसाला आठवतात त्या तारखा. तिन्हींत दिवस बारापेक्षा मोठा. तिन्ही हिरव्या. त्याऐवजी महाराष्ट्र दिन घेतला असता, एक मे, तर त्याच क्षणी पाच जानेवारी आला असता आणि सगळं उघडं पडलं असतं. दोन ऑक्टोबर घेतला असता तरी चाललं असतं. मी झेंडावंदनाच्या दोन तारखा आणि नाताळ लिहून चहा प्यायला गेले होते.

सरांचा राग आला, क्लार्कचा आला, त्या लायब्ररीवाल्यांचा आला. पण त्या तीन हिरव्या ओळींकडे बघून जो राग आला तो निराळाच होता. टेस्ट न लिहिणं निदान प्रामाणिक असतं. मी लिहिल्या होत्या, आणि त्या काहीच विचारत नव्हत्या.

त्या दिवशी मी सरांना न विचारता नवीन टेस्ट लिहिली. वर्षातला प्रत्येक दिवस, एकोणतीस फेब्रुवारी धरून तीनशे सहासष्ट. प्रत्येक तारीख लिहायची, वाचून घ्यायची, पुन्हा छापायची, आणि जे दिलं तेच परत आलं का बघायचं. मग तेच टिंबं देऊन, तेच आडव्या रेघा देऊन, तेच मराठी आकड्यांत. बटण दाबल्यावर पडदा लालभडक झाला. तीनशे सहासष्टांपैकी एकशे बत्तीस दिवस चुकीचे. त्या दिवसांपैकी एखाद्या दिवशी जन्मलेला संस्थेतला प्रत्येक माणूस आमच्या सॉफ्टवेअरमध्ये भलत्याच दिवशी जन्मला होता.

चूक दुरुस्त करायला वीस मिनिटं लागली. दिवस आधी, महिना नंतर, आणि शंका असेल तर अंदाज न करता थांबून विचारायचं. वीस मिनिटं.

मग मी संस्थेची माहिती मूळ एक्सेलशी ताडून बघितली. चौतीस जणांच्या तारखा उलटल्या होत्या. त्यात बारा मार्चला जन्मलेले एक मास्तर होते. ते मार्चअखेर निवृत्त व्हायचे, पण संगणकाच्या मते त्यांचा जन्म तीन डिसेंबरचा, त्यामुळे ते अजून शाळेत वर्ग घेत होते. त्यांनी अर्थातच तक्रार केली नव्हती. आणि त्यांना कुणी दाखला आणायला सांगितला नव्हता.

मी यादी छापून सरांसमोर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि दार लावून घेतलं.

“दुरुस्त झाला मां?”

“झालं.”

“मगे अपडेट टाक आणि गप रव. दिवाळीत तेंचो करार परत होवचो आसा.”

“सर, एका बाईला घरी बसवलंय. तिला खोटारडी ठरवलंय.”

“ती तुझी कोण?”

हा प्रश्न मी अजून विसरलेले नाही. ती माझी कोण असायला हवी होती?

“यादी मी उद्या संस्थेत नेऊन देणार आहे,” मी म्हटलं. “तुम्ही आलात तर बरं. नाही आलात तरी मी जाणार.”

ते मला काढून टाकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्याआधी संस्थेच्या कार्यालयात हजर होते.

सचिवांच्या खोलीत आम्ही चौघे होतो. सचिव, सर, मी आणि काकीचा दाखला नाकारणारा तो क्लार्क, ज्याचं टेबल त्याच खोलीत होतं. मी यादी पुढे करणार तोच सरांनी बोलायला सुरुवात केली, शुद्ध मराठीत, जी ते फक्त गिऱ्हाइकांसमोर बोलतात.

“त्याचं काय आहे साहेब, माहिती भरताना तुमच्या लोकांकडून काही तारखा उलटसुलट भरल्या गेल्या आहेत. आम्ही तपासणीत ते शोधून काढलं.”

क्लार्कचा चेहरा उतरला. त्याच्यावर माझा राग होता. त्याने काकीशी जे केलं त्याबद्दल मी त्याला आजही माफ केलेलं नाही. पण जे त्याने केलंच नव्हतं ते त्याच्या माथी मारलं जात होतं.

“नाही,” मी म्हटलं. “माहिती बरोबर भरली होती. आमच्या प्रोग्रामने उलटी वाचली. तो भाग मी लिहिलाय, आणि मी तो नीट तपासला नव्हता.”

सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. सचिवांनी चष्मा काढला.

“मग या बाईंचं सेवापुस्तक कुठे आहे?”

सेवापुस्तक म्हणजे नोकरीला लागल्यापासूनची कागदी नोंदवही. क्लार्क उठला. त्याच्या खुर्चीच्या मागेच लोखंडी कपाट होतं. हात मागे केला तरी पोचला असता. त्याने कुलूप काढलं, दोन-तीन वह्या बाजूला केल्या आणि एक पिवळी पडलेली वही आणून टेबलावर ठेवली. पहिल्याच पानावर होतं: सात नोव्हेंबर. खाली काकीची सही, बाळबोध अक्षरात.

महिनाभर ती वही तिथे होती. तीनदा ती बाई त्या कपाटासमोर उभी राहून सांगत होती. एकदाही कुणाला कुलूप काढावंसं वाटलं नाही.

“त्यांनी आधी का नाही सांगितलं?” सचिव म्हणाले.

मला वाटलं मी काहीतरी वाकडं बोलून जाईन. काकीकडून मागून आणलेली तिच्या अर्जाची झेरॉक्स मी त्यांच्यापुढे ठेवली आणि संस्थेचं उत्तर तिच्या शेजारी.

“सांगितलं होतं. हे तुमचं उत्तर. यावर तुमची सही आहे.”

त्यांनी दोन्ही कागद वाचले. ‘हेतूने’ या शब्दापाशी ते थांबले असावेत, कारण तिथे बराच वेळ गेला. मग म्हणाले, “मी सह्या करताना प्रत्येक पत्र वाचतोच असं नाही.”

काम मात्र झालं. काकीला पुन्हा रुजू करून घ्यायचं ठरलं, मधले दिवस सेवेत धरायचे ठरले. उरलेल्या तेहतीस जणांच्या नोंदी सेवापुस्तकाशी ताडून घ्यायचं ठरलं. मी आणखी एक गोष्ट मागितली: रुजू करून घेण्याच्या पत्रातच ती ओळ मागे घेतल्याचं लिहून द्यावं. सचिव जरा कुरकुरले, पण त्यांनी पत्र टाइप करायला सांगितलं.

पत्र तयार झाल्यावर मी ते वाचलं. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं, ती ओळ मागे घेतली होती, आणि शेवटी लिहिलं होतं की संगणकीय त्रुटीमुळे सदर कर्मचाऱ्यास झालेल्या गैरसोयीबद्दल कार्यालय दिलगीर आहे.

“त्रुटी संगणकाची नव्हती,” मी म्हटलं. “माझं नाव घाला. आमच्या ऑफिसचं घाला. आणि अर्ज न तपासता नाकारला, हेही लिहा.”

“ताई, असं पत्रात लिहीत नाहीत,” क्लार्क म्हणाला. त्याला माझी काळजी वाटत असावी, कारण तो हे अगदी हळू बोलला.

दारातून बाहेर पडल्यावर सर गाडीत बसले आणि मला न विचारता निघून गेले. मी स्कूटरवरून नेरूरच्या रस्त्याने परत वालावलला आले, पत्र दप्तरात प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

काकी घरीच होती. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने पदराने हात पुसून ते घेतलं, दाराच्या उजेडात धरून सावकाश वाचलं, मग पुन्हा वरपासून वाचलं.

“सोमवारपासून जावचा?”

“होय.”

“आणि खोटा बोललंय म्हणून लिवलेला ता?”

“ते मागे घेतलं. इथे आहे बघ, दुसऱ्या परिच्छेदात.”

तिने मान हलवली. मग तिने मला विचारलं, “संगणकीय त्रुटी म्हणजे कोणाची?”

मी तिला सगळं सांगितलं. अमेरिकन पद्धत, बारापेक्षा मोठा आकडा, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, अर्धा दिवस. जेवढ्या सोप्या शब्दांत सांगता येईल तेवढं.

“म्हणजे ता तू केलंस,” शेवटी ती म्हणाली.

“होय काकी.”

“मगे काल इलंस तेव्हा कित्याक नाय सांगलंस?”

“भियालंय,” मी म्हटलं. लहानपणी तिच्याशी बोलायचे तशीच बोलून गेले.

तिने पत्र पुन्हा दाराच्या उजेडात धरलं. अंगणातल्या पाटातून पाणी वाहत होतं. मला वाटलं, आता ती मला जायला सांगेल.

“ह्या पत्रात कोणाचाच नाव नाय,” ती म्हणाली. “नाव नाय तर रागावतलंय कोणावर? आता तू सांगलंस, तर तुझ्यावर रागावतंय. दोन दिस रागावतलंय. मगे ये.”

मी दोन दिवसांनी गेले. तिने घावणे आणि नारळाचा रस केला होता. रागाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

ती सोमवारी शाळेत गेली. तिच्या जागी तात्पुरता घेतलेला माणूस दुसऱ्या शाळेत पाठवला. दोन शिक्षिकांनी तिला थट्टेत विचारलं, “काय काकी, करमलं नाही घरी?” आणि ती त्यांना उत्तर न देता पुढे गेली, असं आईने सांगितलं. नोव्हेंबरच्या अखेरीला ती आपल्या तारखेला निवृत्त झाली आणि दोडामार्गला लेकीकडे गेली, काजूच्या बागेत. कार्यक्रम नको असं तिने आधीच लिहून दिलं होतं. स्वतःच्या हाताने, तारखेसकट, महिना अक्षरी लिहून.

मी अजून त्याच ऑफिसात आहे. सर महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. संस्थेने करार पुन्हा केला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला प्रात्यक्षिक दाखवताना सर मोठ्या अभिमानाने सांगत होते की आमच्याकडे वर्षातला प्रत्येक दिवस तपासला जातो. मी मागे बसून ऐकत होते. ते खोटं नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. पण तो प्रत्येक दिवस तपासायला मला परवानगी मिळाली नव्हती, हे त्यांना आठवत असेल का, याचा विचार करत मी ते प्रात्यक्षिक संपेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिले.